टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेवर, "सायकलींना तात्पुरती बंदी" असा बोर्ड लागलाय, तर नक्की काय समजायचं?

आधी प्रश्न थोडक्यात परत सांगते. लंडनमध्ये नवीन आलेले एक जण विचारतायत की रोज रीजंट्स कॅनॉलच्या काठाने, एंजलपासून पूर्वेकडे, सायकलने ऑफिसला जातो आणि गेल्या आठवड्यात तिथे एकदम बोर्ड आणि बॅरिकेड लागलं, काही आठवडे सायकली बंद, चालणाऱ्यांना चालू. हे असं करता येतं का, दंड होतो का, उतरून ढकलत नेली तर चालेल का, आणि वाट दोघांची आहे तर बंदी आम्हालाच का?

मी सोळा वर्षं इथे हेच काम करते. रस्ता खोदायचा असो, पुलाची डागडुजी असो, काठ खचला असो, त्या दिवसांत चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवाले, बाबागाडी ढकलणारे कुठून जाणार याचा प्लॅन काढायचा, बोर्ड कुठे लागणार ते ठरवायचं आणि मग जागेवर उभं राहून ते खरंच चालतंय का बघायचं. म्हणजे तुम्ही ज्या बोर्डावर चिडलाय तसले बोर्ड मी स्वतः लावलेत, आणि काही भांडून काढायलाही लावलेत.

उत्तर असं की हो, बंदी घालता येते. पण ती कोणी घातलीय आणि कुठल्या कागदाच्या जोरावर, यावर बाकी सगळं ठरतं, म्हणून उद्या सकाळी दोन मिनिटं थांबून त्या बोर्डाचा खालचा बारीक मजकूर वाचा, वरचं मोठ्या अक्षरातलं नाही.

कारण टोपाथ म्हणजे साधा रस्ता नव्हे. तुम्हाला तो कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, फुटपाथ वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, पण बहुतेक ठिकाणी ती कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेची जागा आहे. २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडून इंग्लंड-वेल्सचे कालवे या ट्रस्टकडे आले, जवळपास २,००० मैल. आणि तिथे सायकल चालवायला आपल्याला परवानगी आहे, हक्क नाही. जुने लोक सांगतात की ब्रिटिश वॉटरवेजच्या काळात टोपाथवर सायकल चालवायला परमिट काढावं लागायचं, ते खरं आहे. आता परमिट गेलं पण मूळ गोष्ट तीच राहिली, जागा ट्रस्टची, चालणाऱ्याला प्राधान्य, सायकल पाहुणी. काही तुकडे मात्र रीतसर सार्वजनिक वाट म्हणून नोंदलेले आहेत आणि तिथे कायदा वेगळा लागतो, त्यामुळे एकाच कालव्यावर अर्ध्या मैलात नियम बदलू शकतो. हे बाहेरून कळत नाही आणि त्यात तुमची काही चूक नाही.

जागा ट्रस्टसारख्या मालकाची असेल तर त्याने "इतके दिवस सायकली नकोत" म्हटलं की ते पुरतं, त्याला कोर्टाची किंवा कौन्सिलची ऑर्डर लागत नाही. तुम्ही तरीही गेलात तर तुम्ही दुसऱ्याच्या जागेत विनापरवानगी शिरल्यासारखं होतं. सार्वजनिक वाट असेल तर मात्र कौन्सिलला १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टच्या कलम १४ खाली तात्पुरती ऑर्डर काढावी लागते. आधी किमान सात दिवस जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि फुटपाथ, सायकल ट्रॅक असल्या वाटांसाठी ऑर्डरची मुदत सहा महिने, गाड्यांच्या रस्त्याला ती अठरा महिन्यांपर्यंत असते. एकदम काही घडलं, काठ खचला, झाड पडायला आलं, तर नोटिशीवर लगेच बंद करता येतं, पण धोक्याच्या कारणाने जास्तीत जास्त २१ दिवस आणि नुसत्या कामासाठी ५ दिवस. अशी ऑर्डर मोडणं हा मात्र गुन्हा आहे, दंड होतो. तिसरा प्रकार म्हणजे पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर, सार्वजनिक जागी त्रासदायक वागणं रोखणारी, २०१४ च्या कायद्यातली. ती तीन वर्षांपर्यंत चालते आणि तिच्यात जागेवर दंडाची पावती फाडतात, पण ती गावाच्या मधल्या बाजारपेठेच्या रस्त्यांवर जास्त दिसते. तुमच्या वर्णनावरून तुमचं प्रकरण तसलं वाटत नाही.

बोर्डाचा आकारही बघा. लाल गोल कडं आणि आत काळी सायकल असेल तर ती मनाई. निळी आयताकृती पाटी "सायकलिस्ट्स डिसमाउंट" असेल तर ती फक्त सूचना आहे, उतरा म्हणून, ती न पाळल्याबद्दल थेट गुन्हा नाही. आता मी हे सांगितलं म्हणून उद्या निळ्या पाटीखालून जोरात जाऊ नका, पुढे वाट एक मीटरची झालेली असू शकते. कामाच्या जागी चालणाऱ्यांसाठी जी पर्यायी वाट ठेवतात तिची आमच्या नियमात किमान रुंदी एक मीटरच आहे, शक्यतो दीड असावी असं म्हणतात. एक मीटरमध्ये समोरून बाबागाडी आली तर तुमचं हँडल कुठे जाणार ते डोळ्यासमोर आणा.

ढकलत नेण्याचं म्हणाल तर १९८० चा एक निकाल आहे, झेब्रा क्रॉसिंगवर सायकल हातात धरून चालणारा माणूस पादचारीच धरला गेला होता. तो झेब्रापुरता निकाल, पण सगळीकडे व्यवहारात तसंच मानतात. म्हणजे "सायकलिंग बंद" असेल तर उतरून ढकलत जायला सहसा कोणी अडवत नाही. पण बोर्डावर "सायकली आणू नयेत" असं असेल, किंवा वाट परांचीमधून जात असेल, तर ढकललेली सायकल चालत्या माणसापेक्षा जास्त जागा खाते, माणूस आणि सायकल शेजारी शेजारी. तिथे कामगाराने परत पाठवलं तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो करतोय.

आता तुमचा खरा प्रश्न, आम्हालाच का.

रीजंट्स कॅनॉल १८२० मध्ये पूर्ण उघडला, लिटल व्हेनिसपासून लाइमहाउसपर्यंत चौदाएक किलोमीटर. टोपाथ म्हणजे बोट ओढणाऱ्या घोड्याची वाट, एक घोडा आणि त्याच्या मागे एक माणूस, एवढ्याच हिशोबाने रुंदी ठेवलेली. रीजंट्स पार्कजवळचा मॅकल्सफील्ड ब्रिज कधी बघितलात तर त्याच्या लोखंडी खांबांना हात लावून बघा, दोरखंड घासून घासून लोखंडात बोटभर खाचा पडल्यात. १८७४ मध्ये दारूगोळा नेणारी बोट त्या पुलाखाली फुटली, पूल उडाला, आणि परत बांधताना तेच खांब फिरवून बसवले म्हणून खाचा दोन्ही बाजूंना आहेत. हे सांगायचं कारण, पुलाखालची वाट तेव्हा जेवढी होती तेवढीच आज आहे. वर शहर वाढलं, खाली एक घोडा जाईल एवढ्या जागेतून सकाळी आठला शेकडो सायकली, पळणारे, शाळेत जाणारी मुलं, कुत्री आणि शेजारी नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यातल्या अरुंद बोटीत, राहणारी माणसं, ज्यांचं अंगणच ते आहे. एंजलला तर बोगद्यात टोपाथच नाही, घोडे सोडून टेकडीवरून चालवत नेत, म्हणून आजही तुम्हाला तिथे रस्त्यावर चढावं लागतं.

आणि वाटेच्या पोटात काय आहे तेही बहुतेकांना माहीत नसतं. सेंट जॉन्स वूडपासून पूर्वेकडे टोपाथच्या खाली ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या आहेत, साधारण १९८० च्या सुमारास टाकलेल्या, कालव्याचं पाणी फिरवून त्या थंड ठेवतात. त्यामुळे तुम्ही ज्यावरून जाता तो काही ठिकाणी रस्ता नाहीच, केबलच्या चरीवरचं झाकण आहे. ते उघडायचं म्हणजे अर्धी वाट गेली. शिवाय काठाची भिंत पाण्याने आतून पोखरली जाते, लॉकचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली करणाऱ्या कप्प्याचे, लाकडी दरवाजे ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात, ही कामं ट्रस्ट नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढतो कारण तेव्हा बोटी कमी असतात.

मी मूळची पुण्याची, पर्वतीच्या पायथ्याशी वाढले. खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा आमच्यासाठी फक्त काठाने चालत जायची जागा होती, त्याची भिंत ही पाणी अडवणारी भिंत आहे हे कधी डोक्यात यायचंच नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ ती भिंत फुटली आणि भर दिवसा पाणी वस्तीत घुसलं, ओळखीच्या माणसांची घरं गेली. त्यानंतर कुठलाही इंजिनियर म्हणाला की काठाला भेग दिसतेय, वाट बंद ठेवा, तर मी तारीख विचारते, वाद घालत नाही.

तर वाट अर्धी झाली की सगळ्यांना सामावून घेता येत नाही, आणि मग कोणाला दुसरीकडून पाठवायचं? सरकारच्या जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, एलटीएन १/२०, त्यात चालणारे आणि सायकली एकत्र असलेल्या वाटेला तासाला ३०० सायकलींपर्यंत तीन मीटर रुंदी आणि त्याच्यावर साडेचार मीटर सांगितलीय. पूर्वेकडच्या टोपाथवर कामं नसतानाही तीन मीटर सलग मिळणं मुश्किल. सायकलवाल्याला अर्धा मैल वळसा म्हणजे दोन-चार मिनिटं. काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांना तोच वळसा पंधरा-वीस मिनिटांचा, आणि त्यात जिने असतील तर तो वळसाच नाही. म्हणून सायकली वळवतात. यात मला अन्याय दिसत नाही, आणि मी स्वतः रोज सायकलने फिरते.

एक सकाळ सांगते. माझं काम तेव्हा नवीन होतं, एका पुलाखाली मोजणीला उभी होते, हातात क्लिकर, आठ ते नऊ. पुलाखालची वाट मी टेपने मोजली होती, दीड मीटरला थोडी कमी. एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले, पुलाखाली शिरले आणि अर्ध्यात असताना मागून सायकली सुरू झाल्या. कोणीही उद्धट नव्हतं, प्रत्येक जण घंटी वाजवत होता, दोनदा, जशी इथे पद्धत आहे. पण त्यांना ऐकू येत नव्हतं. पहिली सायकल बाजूने गेली तेव्हा ते दचकले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तळहात मागे ओल्या विटांवर टेकलेला. मग ते हललेच नाहीत. एक गेली की दुसरी, मी क्लिक करत होते आणि त्यांच्याकडे बघत होते, शेवटी क्लिकर खिशात टाकून मी पुलाच्या तोंडाशी हात आडवा केला आणि त्यांना बाहेर आणलं. त्यांचा हात गार पडला होता. आमच्या आकडेवारीत त्या तासात अपघात शून्य होते, आणि तेव्हापासून मी नुसत्या अपघातांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

पण दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगणार. एका कौन्सिलच्या कामावर, नाव नको, आम्ही कालव्याकाठच्या वाटेवर "उतरा आणि ढकला" अशी पाटी लावली, साधारण दोनशे मीटरसाठी, वळसा दिला नाही. सगळे म्हणाले दोनशे मीटर तर आहेत, चालतील. तिसऱ्या दिवशी एक बाई तीनचाकी सायकलवर आल्या आणि बॅरिकेडपाशी थांबल्या. त्यांना चालता येत नव्हतं, ती सायकलच त्यांचे पाय. उतरायचं म्हणजे रस्त्यावर बसायचं. शिवाय परांचीला लागून जी गल्ली ठेवली होती ती त्यांच्या मागच्या चाकांपेक्षा अरुंद होती. त्या मागे वळल्या तेही तीनदा पुढे-मागे करून, आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या की हे मला घरी असताना कळलं असतं तर मी आज डॉक्टरकडे दुसऱ्या वाटेने गेले असते. प्लॅनवर सही माझी होती. समान हक्कांचा कायदा २०१० पासून आहे, सरकारी संस्थेने असा निर्णय घेताना अपंगांचा विचार केलाच पाहिजे असं त्याच्या कलम १४९ मध्ये आहे, आणि एलटीएन १/२० मध्येही स्पष्ट आहे की "उतरा" ही पाटी अगदी शेवटचा उपाय, आणि सायकल धरायची ती २.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, म्हणजे तीनचाकी, मालवाहू सगळ्या बसतील अशी. त्यानंतर मी पाटी लावायच्या आधी वळसा स्वतः सायकलने जाऊन बघते, दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा.

म्हणून माझं मत असं की बंदी चांगली का वाईट हे बंदीवरून ठरत नाही, वळशावरून ठरतं. २०२० चा कोविडचा काळ आठवा. दोन मीटर अंतर ठेवायचं आणि टोपाथच दोन मीटरचा, त्यामुळे गर्दीचे पट्टे टाळा म्हणून सांगावं लागलं, ते बरोबर होतं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये सायकलिंग थांबवलं, बारा वर्षांखालची मुलं आणि अत्यावश्यक सेवेतले सोडून. गर्दी खरंच फार झाली होती, पण दुसरीकडे कुठे जा हे कोणी सांगितलं नाही आणि लोक दुखावले, अजून बोलतात. याउलट व्हँकुव्हरचा स्टॅन्ली पार्क बघा. तिथे समुद्राच्या भिंतीवरून नऊएक किलोमीटरची वाट आहे, चालणारे आणि सायकली दोन्ही. एप्रिल २०२० मध्ये सायकलींना तिथे तात्पुरती बंदी केली, पण त्याच वेळी पार्कमधल्या रस्त्यावर गाड्या बंद करून तो अख्खा रस्ता सायकलींना दिला. तीही बंदीच, पण लोक आनंदाने तिकडे गेले. लंडनमध्येही मे महिन्यापासून रस्त्यांवर तात्पुरत्या सायकल लेन आल्या, त्याने टोपाथवरचा भार कमी करायचा खरा मार्ग दिसला.

तेव्हा चिडायचंच असेल तर वळशावर चिडा, तिथे तुमचं म्हणणं चालतं. वळशाचा नकाशा बोर्डावर आहे का, का नुसता बाण आहे आणि पुढच्या चौकात बाण संपलाय. वळसा मोठ्या ट्रकच्या रस्त्यावरून नेलाय का. जिना आहे का. वाटेच्या दोन्ही टोकांना, म्हणजे जिथून तुम्ही अजून वेगळा रस्ता धरू शकता तिथे, पाटी आहे का, का बॅरिकेडला नाक लागल्यावरच कळतं. या चारांपैकी एकही चुकलं असेल तर ट्रस्टला किंवा कौन्सिलला लिहा, बोर्डावर नंबर असतो. पत्रात राग नको, बोर्डाचा फोटो, जागेचं नाव म्हणजे जवळच्या पुलाचा नंबर (बहुतेक पुलांवर पाटी असते), वेळ, आणि वळशात नक्की कुठे अडकलात तिथला फोटो. असं पत्र आमच्या टेबलावर आलं की ते सरळ ठेकेदाराकडे जातं. "सायकलवाल्यांवर अन्याय" असं पत्र आलं की त्याला छापील उत्तर जातं. मला हे आवडत नाही, पण असं होतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एंजलवरून सायकलवे २७ धरा, डी बोव्हरमधल्या आतल्या गल्ल्यांतून लंडन फील्ड्सला निघतो, गाड्या कमी, दिवे आहेत, पावसात टोपाथसारखा चिखलही नाही. आठवडाभर करून बघा.

आणि बोर्डावरची शेवटची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. काम संपतं, माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि बॅरिकेड आठ-आठ दिवस तसंच पडून राहतं, हे फार होतं, आणि मग लोक पुढच्या खऱ्या बंदीलाही जुमानत नाहीत. तारीख उलटली आणि पाटी तिथेच दिसली तर त्याच दिवशी फोन करा, मेल नको. फोन आला की कोणीतरी व्हॅन घेऊन निघतं.